खिडकीपासून सहावी फळी

"दिवा लुकलुकतो, लिनेद," दारातच ओल्वेन प्यू म्हणाली.
"तो असता तर त्यानंच बघितलं असतं."
तो म्हणजे एम्रिस. जाऊन पावणेदोन वर्षं झाली.
त्याचे बूट अजून जिन्याखाली,
टाचा भिंतीकडे.

आधी तो फ्यूज खाली पाडला, वर कुलूप लावलं,
किल्ली माझ्या खिशात.
टेस्टर आधी चालू सॉकेटवर पारखला,
मग बंद केलेल्यावर,
मग पुन्हा चालूवर.
कारण बिघडलेला टेस्टर आणि मेलेली तार
अगदी सारखेच गप्प असतात.
उस्ताद गारमननं हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं,
बाकीचं शिकवायला त्याला चार वर्षं लागली.

गालिचा गुंडाळला. पाच फळ्या साध्या,
सहावीचे खिळे मात्र नवे, घाईत ठोकलेले.
खाली ब्लायनाऊच्या खाणीची राखी धूळ
(ती इथं सगळ्यांच्याच घरात असते),
एक बटण, उंदरानं सोडलेली फुटबॉलची बातमी
आणि तो सांधा.

लाल लालशी पीळ देऊन, काळी काळीशी,
अर्थची तार नुसती मागे वळवलेली,
पंगतीत जागा नसलेल्या पाहुण्यासारखी.
वर टेप. म्हणजे एकेकाळी टेप,
आता डांबर होऊन तुळईला चिकटलेली,
आणि तुळईवर तळहाताएवढा करपल्याचा डाग.
सुंभ जळाला होता.
पीळ होता.

ओल्वेन शेजारी गुडघ्यांवर, हातात टॉर्च.
"हे त्याचंच काम. एकोणनव्वदचा हिवाळा.
नेस्ट जन्मायची होती, खोलीत हीटर हवा होता.
रात्रभर जागला बघ.
चांगलं केलंय ना?"

मी पक्कड पुसली. ती स्वच्छच होती.
"पीळ घट्ट आहे," मी म्हणाले.
खोटं नव्हतं ते.
मग टॉर्चसकट तिचा हात धरून
डागावर नेला.

ती बराच वेळ बघत राहिली.
"पाळणा इथं होता," म्हणाली. "याच फळीवर."
मग त्याच्यावर रागावली, हळू आवाजात,
जेवण निवल्यावर घरी आलेल्या माणसावर
रागावतात तशी.

कापलं. चांगलं तांबं लागेपर्यंत मागे मागे गेले,
केबल आखूड पडली,
म्हणून मधे नवा तुकडा, म्हणून दोन डबे.
तपकिरी लालशी, निळी काळीशी,
अर्थच्या उघड्या तारेला हिरवी-पिवळी बाही,
तिलाही पंगतीत जागा.
प्रत्येक तार स्प्रिंगच्या दातांत दिली, ओढून पाहिली.
"तू पण ओढ," मी म्हटलं. ओल्वेननं ओढली,
आधी भीत भीत, मग चांगली हिसडून.
सुटली नाही.
बाहेरची साल डब्याच्या आत घेऊन पट्टीनं आवळली:
ओढ आलीच तर सालीनं सोसावी,
तांब्यापर्यंत पोचू नये.

"तो तुकडा देशील?"
दिला. तिनं तो कार्डिगनच्या खिशात टाकला,
बोटं काळी झाली, पुसली नाहीत.

फळी परत बसवताना विचारलं,
"स्क्रू का? तो खिळे मारायचा."
"पुन्हा उघडता यावी म्हणून."
फळीवर पेन्सिलीनं लिहिलं: खाली जोड, दोन.
तारीख. माझी सही.
तिनं वाचलं, पेन्सिल मागितली,
मग काही न लिहिताच परत दिली.

मोजमापं घेतली, आकडे नीट आले.
कुलूप काढलं, फ्यूज वर केला.
टेबलावरचा दिवा लागला
आणि लागलेलाच राहिला.
चहाचं पाणी उकळून गार झालं तरी
ओल्वेन तिथंच उभी होती, त्याच्याकडे बघत,
एकदा तरी लुकलुकेल म्हणून.