चालेल

नेरिसची छोटी निळी गाडी जॅकवर चढवली
आणि तिनं विचारलं, जे इथं सगळेच विचारतात,
भिंतीवरच्या किमतींकडे न बघता:
"चारही स्वस्तातले घातले तर चालेल ना?"

चालेल.
टायर चालतोच. गोल आहे, दुसरं काय करणार.
अडतीस पौंडांचा चालतो, एकशे दहाचाही चालतो.
जूनमध्ये, म्हणजे जूनचे जे चार दिवस
वेल्समध्ये कोरडे निघतात त्या दिवसांत,
बालाच्या तळ्याकाठच्या सरळ रस्त्यावर
दोघांत डावंउजवं करून दाखवेल असा ड्रायव्हर
मी तीस वर्षांत पाहिला नाही.
मालक ग्विन्फोर म्हणतो, त्यानं पाहिलाय.
त्याला महागाच्या टायरमागे जास्त सुटतात.

ती म्हाताऱ्यांच्या घरी जाते.
सकाळी सहाला पहिलं दार, रात्री दहाला शेवटचं.
अंघोळ, गोळ्या, पायमोजे, चहा.
एजन्सी मैलांचे पैसे देते,
दोन दारांमधल्या वेळेचे नाही,
म्हणून वेळ वाचवायची ती रस्त्यावरच.
हे ती तक्रार म्हणून बोलली नाही.
चारांचे एकशे बावन्न, मी सांगितलं.
तिचे ओठ हलत राहिले, आवाज न होता.

मी तिला माझा पंजा दाखवला, ग्रीसनं काळा.
म्हटलं, गाडी रस्त्याला टेकते ती एवढीच,
चार तळहात.
वरचं सगळं लोखंड त्यांच्या भरवशावर बसलेलं.
महागाच्या तळहाताला पाणी बाजूला सारता येतं.
स्वस्तालाही येतं, पण जरा उशिरा,
भांडण करून घरी आल्यावर
जिन्यात चोख उत्तर सुचावं, तसं.
तेवढ्यात गाडी दोन मेंढ्या पुढे गेलेली असते.

"दोन मेंढ्या?"
"तीनही असतील. मोजायला कोण थांबतो."

तिला हसू आलं. मग गेलं.
हेविनचं शेत डोळ्यांपुढे आलं असणार,
चढणीच्या टोकाला पाटीच्या दगडाचं घर,
त्याला झोपवून रात्री उतरायचं, ओल्या पाचोळ्यावरून,
आणि खाली वळण, आणि वळणातच पूल.

"तुझ्या गाडीला कुठले आहेत?"

मी खाली पडलेला नट उचलायला वाकलो.
नट पडला नव्हता.
अडतीसवालेच आहेत. नऊ वर्षं.
काही झालं नाही.
पण काही न झाल्याची पावती कुणी देत नाही,
त्यामुळे ते टायरच्या कृपेनं झालं नाही
की मेंढ्या त्या दिवशी दुसरीकडे चरत होत्या,
कळायला मार्ग नाही.
हे सगळं तिला सांगितलं. नट हातात घेऊनच सांगितलं.

शेवटी चार राहिले, दोन घेतले, बासष्टचे.
ग्विन्फोरला दोन्हीकडून तोटा, तो आत निघून गेला.
नवे तिला पुढे हवे होते, गाडी पुढूनच ओढते म्हणून.
मी म्हटलं, मागे.
पुढचं चाक घसरलं तर तुला कळतं,
मागचं घसरलं तर कळेपर्यंत तोंड फिरलेलं असतं.
गुळगुळीत झालेले दोन काढून टाकले,
मागचे, तीन मिलिमीटर खाच उरलेले, पुढे आणले.
नव्या टायरवरचे बारीक रबरी केस
ती बोटानं कुरवाळत उभी होती,
कुणाच्या तरी हनुवटीवर दाढी राहून गेलीय का
ते बघावं, तशी.

"पुढचे मार्चपर्यंत चालतील?"

"चालतील," मी म्हटलं. "थांबतील का, ते विचार."

तिनं विचारलं नाही. कार्ड लावलं, घड्याळ पाहिलं.
सव्वापाच. हेविन सहाला जेवतो.

बाहेर बुरबुर सुरू झाली होती.
मी झाडू घेतला, पण झाडलं नाही.
कोपऱ्यावर तिचे लाल दिवे लागले.
थांबली.
मग डावीकडे, चढाला.