पावलीला जरा कमी

महापालिकेच्या शाळेत मी गणित शिकवतो,
म्हणून मोजणीला माझं नाव.
पर्वती पायथ्याचा हॉल. एरवी इथं बॅडमिंटनची जाळी असते,
आज लाकडी खण,
अकरा नावांचे अकरा. जागा चार.

यंदा शिक्का नव्हता, आकडे होते.
एक, दोन, तीन, जितकी माणसं पटतील तितके.
कुणी अकराही भरले होते, गृहपाठासारखे.
कुणी नुसता एक.
कुणाच्या एकाची शेपटी अशी वळलेली की नऊ म्हणावा;
त्या एका कागदावर तीन प्रतिनिधी
वीस मिनिटं ओणवे,
शेवटी साहेबांनी भिंग मागवलं.

वैध मतं नऊ हजार आठशे सत्तर.
भागिले पाच, अधिक एक:
कोटा एकोणीसशे पंच्याहत्तर.
"जागा चार आणि भागायचं पाचानं?
सर, घोटाळा इथंच आहे," धुमाळांचा पोरगा म्हणाला.
सातवीत माझ्याच वर्गात होता.
शिल्लक म्हणजे काय, हे तेव्हाही
त्याला दोनदा सांगावं लागायचं.

प्रतापराव धुमाळ पहिल्या फेरीतच वर,
दोन हजार सहाशे तेहतीस.
बाहेर हलगी कडाडली.
आत आम्ही त्यांचे जादाचे सहाशे अठ्ठावन्न
पुढच्या पसंतीला वाटत बसलो.
कागद निघाला, पण अख्खा नाही;
किंमत शून्य दशांश दोन चार नऊ नऊ.
पावलीला जरा कमी.
जिंकणाऱ्याला दिलेल्या मताची
एवढीच मोड हाती येते,
हे मला इतक्या वर्षांत
कुठल्या पुस्तकात शिकवावं लागलं नव्हतं.

सहाव्या फेरीत तळाला शेवंता अडागळे.
आमच्या गल्लीचा कचरा त्याच उचलतात.
चारशे बारा अख्खी मतं, वर थोडी चिल्लर.
हॉलमध्ये कुणी मान वर केली नाही.
नियम असा की माणूस पडला
तरी कागद पडत नाहीत.
मी गठ्ठ्याचं रबर काढलं, बोटाला पाणी लावलं.
दोनशे तीन रियाज आत्तारांच्या खणात,
एक्क्याण्णव जगदाळेबाईंच्या,
सत्तावन्न इकडे तिकडे.
आणि एकसष्टांवर एकाच्या पुढं
काही नव्हतंच.
नियमावलीत त्यांना संपलेल्या मतपत्रिका म्हणतात.
त्यांच्या खणावर नाव नसतं.

रात्री अडीचला आत्तार चौथे आले,
शेहेचाळीस मतांनी.
हलगीवाले केव्हाच जेवायला गेले होते.

सकाळी साडेसातला शिट्टी.
दारात शेवंताबाई, रोजचे हातमोजे, रोजचा एप्रन.
काहीतरी बरं बोलावं म्हणून मी शब्द जुळवत होतो,
तेवढ्यात त्यांनीच विचारलं,
"सर, माझी कुणाकडं गेली?"
आकडे पाठच होते.
दोनशे तीनवर त्यांनी मान हलवली,
उसनवारी वहीत लिहून घ्यावी तशी.
"म्हंजे आता आत्तारभाई माझा फोन उचलनार."
"आणि एकसष्ट कुठंच गेली नाहीत," मी म्हणालो.

आमच्या ओल्याच्या बादलीत त्यांचा हात थांबला.
"ती आमच्या वस्तीतली.
त्यांना मी येवढंच शिकवलं,
माझ्या फोटोम्होरं एक उभी रेघ वढा.
दोन काढायचं शिकवाया
टाइमच नाय घावला."

मग सालींखालून एक मेलेला सेल काढून
त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.
"ह्यो ओल्यात नाय टाकायचा, सर.
कितींदा सांगितलंय."

जिन्यावरून शिट्टी वर गेली,
दुसरा मजला, तिसरा.
सेल मुठीत घेऊन मी उभा,
एकसष्टांना दोन काढायला शिकवायला
किती रविवार लागतील, याचा हिशोब मांडत.