उणे एक

तोर्सहाव्नच्या बंदरात नोव्हेंबरमध्ये
नऊ वाजेपर्यंत उजाडत नाही.
त्या अंधारात बारा माणसं आणि एक मेंढी
तासभर आधीच येऊन उभी,
कारण पडद्यावर नोल्सोयची बोट सव्वासहाची दिसत होती.
बोट सव्वासातची. नेहमीसारखी.

यंत्र नवं होतं. प्रोग्रॅम जुना,
आणि तो मी लिहिलेला.
अकरा वर्षं त्यानं एकाही बोटीला खोटं पाडलं नव्हतं,
हे मी रानवाला दोनदा ऐकवलं.
तिनं कॉफीचा कप माझ्याच कागदांवर टेकवला,
"हानुस, ह्या रकान्यात तू काय भरलंस?"

तास भरला होता. मिनिटं, दिवस, महिना, वर्ष.
उन्हाळी वेळ चालू आहे का, हा रकाना
मी कधी भरलाच नव्हता.
तिथं पडून होतं आधीच्या भाडेकरूचं उरलंसुरलं:
कुठल्याशा फंक्शनचं अर्धं उत्तर,
कुणाचा तरी जुना पत्ता.
जुन्या यंत्रावर तो कचरा दर वेळी ऋण निघायचा,
आणि ऋण म्हणजे 'तूच ठरव'.
नव्यावर धन निघाला.
अकरा वर्षं मी हुशारी म्हणून मिरवलं
ते कचऱ्याचं चिन्ह.

"मग सगळं शून्य करून टाक," मी म्हटलं.
"माझा बाप मासळीच्या पेट्या अशाच विसळायचा,
काल आत काय होतं ते न बघता."
"विसळते," ती म्हणाली, "पण शून्य म्हणजे रिकामं नव्हे.
इथं शून्य म्हणजे 'हिवाळा आहे'.
जूनमध्ये तुझी बोट सव्वाआठची दिसेल."

मग तिनं दोन्ही यंत्रांच्या व्याख्या
शेजारी शेजारी छापून टेबलावर पसरल्या.
तिकिटांच्या वहीला लावायचं कुलूप
मी क्रमानं भरलं होतं, नाव न घेता:
आधी प्रकार, मग जागा, मग लांबी.
नव्या यंत्रावर जागा पहिली येते.
दार एकीकडे, कुलूप भलतीकडे,
आणि कंपायलरनं हूं का चूं केलं नाही.
"क्रमाचं वचन कुणी दिलेलं नाही," रानवा म्हणाली.
"नावाचं दिलंय. नावानं भर.
तुला ठाऊक नसलेले रकानेही असतील आत,
त्यांच्यासाठी आधी विसळ."

रात्री अकराला मी तिची ओळ वाचली.
सगळं विसळून झाल्यावर, त्या एका रकान्यापुढे,
नाव घेऊन लिहिलेलं: उणे एक.
म्हणजे, मला माहीत नाही, तू बघ.
कुठल्याही यंत्रावर चालणारं उत्तर.
चौतीस वर्षांच्या नोकरीत
मी हे कुठल्याच रकान्यात लिहिलं नव्हतं.
कचऱ्यानं माझ्या वतीनं लिहिलं होतं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी बोट सव्वासातला सुटली,
पडद्यावरही, धक्क्यावरही.
मेंढीवाल्या ऑलीनं मात्र त्या एका तासाची कॉफी
अजून माझ्या नावावर मांडून ठेवली आहे.
दोन कप. एक त्याचा.
दुसरा कुणाचा, ते तो सांगत नाही.