शून्य, तीन, अकरा

स्लाऊ. रात्रीचे पावणेतीन.
बाहेर ना बर्फ ना पाऊस, नुसता धुरकट गारठा.
आत पंख्यांचा असा घोंगाट
की इफानला मी दोनदा हाक मारते
आणि तिसऱ्यांदा खांद्यावर हात ठेवते.

तिकिटावर लिहिलंय : ०_३_११.
बस शून्य, एन्क्लोजर तीन, स्लॉट अकरा.
आधी जिल्हा, मग तालुका, मग मुक्काम पोस्ट.
आपल्या पाकिटावरच्या पत्त्याच्या बरोबर उलट.
आणि शेवटी यायला हवं ते नाव
येतच नाही.

इफान नवा आहे, न्यूपोर्टचा, बोटांनी चपळ.
खालून चौथी पेटी त्यानं बरोबर धरली,
तिच्यावर तीनचा आकडा पेटलेला असतो.
मेलेल्या डिस्कचा पिवळा दिवा मात्र
तिच्याआधीच मेला होता.
मग तो डावीकडून मोजत निघाला,
वन, टू, थ्री,
आणि अकराव्यावर त्याचा अंगठा टेकला.
खटका अर्धा दाबलेला.

थांब! मी ओरडले. मराठीत.
त्याला कळलं.

अरे, इथं पहिला तो शून्य.
तू धरलायस तो दहा,
आणि दहा धडधाकट आहे, कामात आहे.
त्याला ओढलास तर एका गटातले दोन गेले,
आणि सकाळी साडेआठला
एका आख्ख्या हॉस्पिटलच्या एक्स-रेंचा
कुठेच पत्ता नसेल.

माझे वडील बार्शीत अडत्याकडे मापारी होते.
ज्वारीच्या राशीत माप बुडवून पहिलं ओतताना
'एक' म्हणायचे नाहीत कधी.
म्हणायचे, लाभ.
लाभ, दोन, तीन, चार,
धुळीनं बसलेल्या आवाजात, पोतं भरेस्तोवर.
एक म्हटलं की मोजणं सुरू होतं,
आणि जे मोजलं ते सरतं,
असं काहीसं असावं. विचारायचं राहिलं.

इफानला म्हटलं, पहिल्याला लाभ म्हण.
लाब, म्हणाला तो. लाब, वन, टू, थ्री.
(उपमा इथं लंगडते, ठाऊक आहे मला.
वडिलांच्या लाभानंतर दोन यायचे,
याच्या लाभानंतर एक.
रात्री तीनला कोण वाद घालतं.)
मी दोन्ही हात खिशात घातले,
मध्ये पडू नयेत म्हणून.
इलेव्हन, म्हणाला. आणि माझ्याकडे पाहिलं.

इंचभर बाहेर. मग तीस सेकंद थांबायचं.
तबकड्या अजून फिरत असतात.
घाईनं उचलून वळवलीस तर मनगटाशी झोंबते,
हातातला मासा जसा.
इफानला वाटलं मी थट्टा करतेय.
वळवून पाहिली त्यानं,
आणि चेहरा असा झाला की
पुढचं काही शिकवावं लागलं नाही.

नवी आत गेली. नंबर वेगळा, कारखाना वेगळा.
पत्ता तोच.
आता शेजारचे चौघे तिला सांगत बसतील,
तिच्या जागी जे कोण होतं
त्याला काय काय माहीत होतं.
उद्या दुपारपर्यंत तिला सगळं तोंडपाठ.
ऐकीव आहे, हे कुठंच नोंदलेलं नसेल.

जुनीला चंदेरी पिशवीत घातलं.
लेबलावर लिहावं लागतं, कुठून काढली.
लिहिलं. ती आता तिथली नाही, तरीही.

माझ्या फ्लॅटवर अजून कुणा ऑल्डरिजना पत्रं येतात,
चष्म्याच्या दुकानातून :
आपली तपासणी राहिली आहे.
'इथे राहत नाहीत' लिहून मी लाल पेटीत टाकते,
तीन वर्षं झाली.
बार्शीत त्या दारावर आता कोण आहे,
आणि मापाऱ्याच्या नावानं काही आलंच
तर ते काय करतात,

हे गाडीची काच पुसता पुसता डोक्यात आलं.
शेजारी इफान, मांडीवर ती पिशवी,
पार्किंगमधल्या गाड्यांवर बोट फिरवत
पुटपुटत होता : लाब.