चेहऱ्यावरचं तेज

तू हस. मी रागावणार नाही.
शनिवारी गॅरेज उघडलं की तुझ्यासारखी दोन-चार पोरं येतात,
खोक्यातून एकेक तबकडी उपसतात, कव्हर बघतात
आणि गुडघ्यांवर हात टेकून हसत सुटतात.
एक डॉलरला एक. तीन घेतलीस तर दोन डॉलर.

हे सगळे फोटो बाबांनी काढलेत.
सिडेलिया, मिझुरी. बँकेच्या मागे स्टुडिओ,
स्टुडिओत एकच डोंगर, कापडावर रंगवलेला.
त्याच डोंगरापुढे शाळेची पोरं, नवरा-नवरी,
जत्रेत बक्षीस मिळवलेली डुकरं,
आणि मंगळवारी, दर कमी म्हणून, देवाची माणसं.

हे चार भाऊ बघ. आकाशी सूट, चौघांचे एकाच मापाचे,
कारण चार घेतले की टाय फुकट होते.
धाकट्या वेंडेलच्या विजारीनं घोट्यांशी काडीमोड घेतलाय,
थोरल्याची बटणं नुसत्या प्रार्थनेवर तगून आहेत.

कबुतर? ते आमच्याच छपरावरचं. करडं.
मी त्याला मैद्यात घोळवलं. नऊ वर्षांची होते.
ऐन वेळी त्यानं पंख झटकले;
रेव्हरंड पिकेटच्या खांद्यावर तो ढग उतरतोय ना,
तो स्वर्गातला नाही, किराणा दुकानातला आहे.
आणि मांडीवरचा हा बोलका बाहुला, ॲमॉस.
त्याचाही बाप्तिस्मा झाला होता, खरंच, पत्र्याच्या टबात.
रंग निघाला. भुवया मी पुन्हा काढल्या,
एक जरा वर गेली.
तेव्हापासून प्रत्येक प्रवचनात त्याला काहीतरी विचारायचं असायचं.

पण तुझ्या हातातली ती, ती नीट धर.
'चाक तुझ्या हाती, प्रभू'. हॅसलबॅक कुटुंब, एकाहत्तर साल.
कल्पना आर्विन हॅसलबॅकची:
सगळं घर मागे कोंबलेलं, हात वर,
पुढची सीट रिकामी. म्हणजे गाडी कोण चालवतंय ते कळावं.
उताराच्या तळाशी तळं, तळ्याच्या काठावर बाबा,
शेजारी मी, चंदेरी पत्रा धरून
त्यांच्या तोंडावर ऊन पाडत.
हँडब्रेक दुसऱ्यानं ओढलाय, असं प्रत्येकाला वाटलं.

निघाली गाडी. आधी वरातीसारखी, सावकाश.
मग नाही.
आर्विनच्या तोंडचं पाणी पळालेलं बघ.
ओपलचे डोळे बघ. आजीबाईंचा आ, थेट पडजिभेपर्यंत.
बाबांनी आधी बटण दाबलं, मग उडी मारली, मला ओढून.
तळं गुडघाभर. माणसं सगळी धड,
ट्रॉम्बोन तेवढा गेला.

दुसऱ्या फिल्मला पैसे नव्हते. तोच छापला.
आणि चर्चमागून चर्च म्हणू लागलं,
काय तो विश्वास! काय ते समर्पण!
तीनशे काढल्या, दोनशे नव्वद खपल्या.
एवढ्या कुणाच्याच खपल्या नाहीत. वेंडेलनं उरलेल्या खोक्यांवर
टीव्ही ठेवला होता, चांगला उंच यायचा.
पिकेटबाईंनी पलंगाच्या मोडक्या पायाखाली लावल्या.

बाबा धार्मिक होते का?
जेवणाआधी प्रार्थना म्हणताना त्यांच्या तोंडून निघून जायचं,
"डोळे मिटू नका." सवय.
एवढंच माहीत आहे मला.

घरी गेलास की वाजवूनही बघ.
दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात ओपलचा आवाज फाटतो
आणि ती थांबत नाही, फाटक्यानंच वर चढते.
तिथं हसलास तर मात्र मला सांगू नकोस.

थांब, उजेडात धर. समोरच्या काचेत, खाली कोपऱ्यात,
नखाएवढा पांढरा ठिपका दिसतो?
ती मी. गाडी अंगावर येत होती
आणि मी पत्रा हलू दिला नाही.
लोक ज्याला तेज म्हणाले ना, ते मी धरलं होतं.

एक डॉलर. सुटे नसतील तर राहू दे, पुढच्या शनिवारी दे.