सौनाच्या मागे

तौनो बर्फावर थुंकतो
आणि थुंकी गोठायला किती वेळ लागतो ते पाहतो.
उणे चोवीस, म्हणतो.
बहुधा बरोबर असतं.

मग तो गिरमिटाने भोक पाडतो,
मी झाऱ्याने बर्फाचा चुरा काढते.
ह्या भोकापासून त्या भोकापर्यंत साठ पावलं,
त्यांच्यामध्ये, अंधारात, परवा टाकलेलं जाळं.

लॅपलंडमधलं हे पाणी देवाने साठवलेलं नाही,
वीज कंपनीने साठवलं.
नकाशात निळं आहे. तौनोच्या डोक्यात नाही,
तिथे अजून कुंपणं आहेत.
इथे बटाटे, तो म्हणतो,
इथून पुढे आलाकोर्वांचं गवत,
आणि तू उभी आहेस ना, तिथे टपालपेटी.
मी जरा बाजूला होते.

पाणी चढलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.
मी लग्न होऊन आले तोवर
गाव बुडून पंधरा वर्षं झाली होती.
एकही घर मी पाहिलेलं नाही.
छपरांवरून मात्र रोज चालते.

जानेवारीत दक्षिणेकडच्या शहरांना हुडहुडी भरते,
कुणी ओव्हन लावतं, कुणी इस्त्री,
आणि आमच्या पायांखालचं पाणी वीतभर उतरतं.
बर्फ थोडा वेळ अधांतरी राहतो, मग बसतो.
वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवावं
तसा आवाज.
फक्त इथे वरचा मजला आम्हीच.

सासूबाई, लेम्पी, ह्या पाण्यातला मासा खात नसत.
पंचेचाळीस वर्षं.
नॉर्वेचा खारवलेला हेरिंग चाले,
डब्यातला टूना चाले, त्याचं गाव कुणी पाहिलंय?
आम्ही सीका आणायचो, चंदेरी, हातभर,
लोण्यात परतला की त्या खिडकी उघडायच्या.
माझ्या गायी चरल्या तिथे हे चरतात,
एकदाच म्हणाल्या.
मी खिडकी लावली.
त्यांनी परत उघडली.

जाळं येतं.
आधी नुसतंच पाणी,
मग एक पाईक, कुत्र्यासारखं तोंड,
जाळ्याची चार घरं फाडून वर स्वतःच नाराज.
मग सीका. सीका. अजून एक.
मग अडकतं.

दर वर्षी इथेच अडकतं.
दर वर्षी मी म्हणते, भोक दहा पावलं सरकव.
तो ऐकत नाही,
आणि माझे अर्धे हिवाळे एकाच भोकाला रफू करण्यात गेले.
ह्या वेळी दोघांनी ओढलं,
खाली काहीतरी कुरकुरलं, सुटलं,
आणि वर आला काळा, मऊ पडलेला लाकडाचा तुकडा,
त्याला लोखंडी कडी.

कसली?
सौनाची. दाराची.
हातमोजा काढून त्याने ती वर केली, खाली केली.
हलत होती.
मग त्याने ती भोकात सोडून दिली.
परत अडकेल, मी म्हणाले.
अडकू दे.

त्याच आठवड्यात आम्ही दवाखान्यात गेलो.
सासूबाईंनी तीन दिवस तोंडात काही घेतलं नव्हतं.
नर्सने सूप परत नेलं.
मी डबा उघडला तो माझ्यासाठी, भूक लागली होती,
आणि वास खोलीभर झाला.
मी खिडकीकडे पाहिलं. ती उघडणारी नव्हती.

कुठला, त्यांनी डोळे न उघडता विचारलं.
तलावातला म्हणावं, की दुकानातला,
मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तौनो म्हणाला,
सौनाच्या मागचा.

बाहेर बर्फ उपसणारी गाडी गेली, परत आली.
सासूबाईंनी तोंड उघडलं.
कितीतरी वेळ चावत राहिल्या.
मग म्हणाल्या, मीठ कमी आहे.
मग म्हणाल्या, तिथे खाजरं रान फार माजतं,
जूनच्या आत कापायला हवं.

कापतो, तौनो म्हणाला.

मी पुढच्या घासातले काटे काढत होते.