नऊ सेंटिमीटर

औलूत जानेवारीचा सूर्य
दहाला येतो, अडीचला उठतो,
अंगातला कोटही न काढता.
तेवढ्यात मी
नकाशे काढणाऱ्या एका लायब्ररीचं
पॅकेज बांधून घ्यायला बघते.

लायब्ररी गुणी आहे. पायथनच्या चार ओळी
आणि किनारा उमटतो.
पण तिचा गोतावळा!
एकटी कधी येतच नाही,
आकारांची मावशी हवी, अक्षांशांचे काका हवेत,
आणि काका आमच्याकडचे जुन्या वळणाचे.
या लिनक्सला गोठवून चार वर्षं झाली,
बँका, इस्पितळं, बंदरं हिच्या भरवशावर निजतात,
घरातली भांडी कुणी जागची हलवत नाही.
आहे त्यात जुळवून घे, म्हणतात तिला.
मीही म्हणते. मला लाज वाटते थोडी.

बिल्डच्या खोलीला खिडकी नाही.
नेटवर्क नाही, मुद्दामच नाही.
बरोबर आणलेल्या शिदोरीवर भागवायचं.
हिला सवय बाहेर हात पसरायची,
किनारे मागव, नद्या मागव, सरहद्दी मागव.
पहिल्या रात्री सदतीस टेस्ट पडल्या.
सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच:
जग सापडत नाही.

मग मी जगाचं वेगळं गाठोडं बांधलं,
परवाना दोनदा वाचून.

तीन जातींच्या यंत्रांवर पास.
चौथं, बँकांचं ते थोरलं धूड,
आकडे उलट्या टोकाकडून वाचणारं.
त्याने अख्खा फिनलंड उचलला
आणि आफ्रिकेच्या कुशीत, समुद्रात,
शून्य अक्षांश शून्य रेखांशावर
एका ठिपक्यात बुडवला.
मी मोठ्याने हसले. घरात कुणी नव्हतं.
पॅच सोळा ओळींचा.
त्या सोळा ओळींना नऊ दिवस.

तपासणीला इल्पो. त्याचं उत्तर आलं:
"बाकी ठीक. वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम नको."

रविवारी बर्फाच्या रस्त्याने हाइलुओतोला गेले.
पॅकेज जिने मागितलं होतं ती आल्मा कुर्टी
बंदराच्या मोजणी खात्यात असते,
तिच्या यंत्रांनाही खिडकी नाही.
कॉफी झाल्यावर म्हणाली, चल, एक दाखवते.

कुरणात एक नावघर. काळं पडलेलं लाकूड,
दारात माझ्या मनगटाएवढे भूर्ज.
तिच्या पणजोबांनी बांधलं तेव्हा
होडी दारातून थेट पाण्यात उतरायची.
समुद्र कुठाय, विचारलं
तर तिने हातमोजा वर करून
पांढऱ्यापलीकडचं पांढरं दाखवलं.

पाणी हटलेलं नाही. जमीन वर येतेय.
हिमयुगाचं ओझं उतरून
दहा हजार वर्षं झाली,
पाठ अजून सरळ होतेय,
वर्षाला नऊ-एक मिलिमीटर.

आमचा शब्द दहा वर्षांचा.
चालता चालता हिशेब केला:
नऊ सेंटिमीटर. आणि हा किनारा ताटासारखा सपाट,
नऊ सेंटिमीटरांत केवढं कुरण उगवेल.
म्हटलं, आल्मा, मी तुला
शेवटी शेवटी खोटा ठरणारा नकाशा देतेय.

ती दाराची कडी चाचपत होती, गंजलेली.
"ठरू दे," म्हणाली.
"इथे जमीन थांबत नाही. नकाशाने तरी थांबावं.
दोघंही सरकायला लागले
तर मी मोजू कशावरून?"

परतताना बर्फाखाली काहीतरी कुरकुरलं.
गाडी हळू घेतली. नियमच आहे तो.

रात्री बदलांच्या नोंदीत तारीख घातली,
नाव घातलं, खाली लिहिलं:
पहिलं पॅकेज.
उलट्या टोकाच्या यंत्रासाठी पॅच जोडला.
किनारे वेगळे ठेवले आहेत,
पुढे कुणाला बदलावेसे वाटले तर.
वर्णनातला पूर्णविराम काढला